दादाच्या नावावरचं पाणी

“कुणी सांगितला होता तुला शहाणपणा? माझ्या नावावर स्वतःच्या पाठीत सुई टोचून घेतलीस?” हणमंता ओरडला. रिपोर्ट बघून डेपोनं आज त्याची बस काढून घेतली होती.

“चहा पिताना हात थरथरतो तुझा, दादा! तुझं पाणी खराब निघालं असतं, म्हणून माझं दिलं,” अंथरुणातूनच राण्या खेकसला. सुई टोचल्यापासून उठलं की त्याचं डोकं ठणकायचं.

आता लॅबवाले ड्रायव्हरच्या मणक्यातलं पाणी तपासून पुढं कधीतरी होणारा मज्जातंतूंचा आजार आजच सांगायचे. दोघा भावांचं तोंड एकसारखं, म्हणून ते फसले. आपलं पाणी खणखणीत, याची राण्याला खात्री होती. तेच खराब निघालं.

भांडता भांडता हणमंता एकदम त्याच्या अंथरुणाशी बसला.

“राण्या... म्हणजे हा आजार तुला...”

“रडू नको, च्यायला!” राण्या भिंत धरून उभा राहिला. पुढल्या महिन्यात त्यालाही स्टेअरिंग धरायचं होतं. खरं सांगितलं की ते कायमचं गेलं. पण दादाला निदान पुन्हा तपासतील.

“पडून राहा, डोकं दुखेल.”

“दुखू दे. लॅब बंद व्हायच्या आत पोचायचंय. निघतो मी.”