नाडीचा काच

"ढिम्म हलत नाहीत, सर," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता दिपाली म्हणाली.

चाकणच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ती माणसाच्या आतड्यातल्या जंतांवर काम करत होती. त्यांचं एक जनुक बंद केलं, की अळ्यांची वाढ थांबायची. मरायच्या नाहीत, नुसत्या पडून राहायच्या. झोपवणं जमलं होतं. उठवणं काही केल्या जमेना. आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर प्रकल्प बंद आणि दिपाली घरी.

"चिखलात अनवाणी चाललं की पायातून शिरतात, अन् तीस-तीस वर्षं अंगात गपचूप राहतात. जाग्या झाल्या की कातडीखालून सरपटत सुटतात," नंदकिशोर सर वैतागले. "यांना उठवायला स्टिरॉइडसारखं काहीतरी लागणार. मागवलेलं रसायन कुठंय?"

"अजून पंधरा दिवस."

तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात काळेवाडीहून सासूबाईंचा फोन. छबूबाईंना भोरची भातखाचरं सोडून पंचवीस वर्षं झाली, पण इथली धूळ काही मानवली नाही. महिनाभर दम्याच्या गोळ्या चालू होत्या, आणि दिपालीनं एकही वेळ चुकू दिली नव्हती.

"पोटावरची लाल रेघ बरगडीपाशी आलीया गं. सकाळी खाली व्हती. लई खाजती."

"परकराची नाडी सैल बांधा, आई. काच पडलाय नुसता. गोळी घेतली?"

"घेतली की."

फोन पर्समध्ये टाकताना हाताला गोळ्यांची पट्टी लागली. सासूबाईंचीच, सकाळी दुकानातून घेतलेली. दिपालीनं कपाळावर हात मारला. या गोळ्या म्हणजे स्टिरॉइडच की. इतकं साधं सुचू नये?

तिनं एक गोळी कुटली, विरघळवली, गाळली आणि चार थेंब अळ्यांच्या बशीत सोडले. मग खुर्चीला पाठ टेकली नाही. चहा आला, गार झाला.

चार वाजता एक अळी वळवळली. मग दुसरी. बघता बघता अख्खी बशी जागी झाली.

"कमाल केलीस," सर भिंगावर वाकले. "कुठून सुचलं?"

"सासूबाईंची कृपा," दिपाली हसली. महिन्याभरात पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं.

पर्समध्ये फोन वाजला.

"नाडी सैल केली गं," छबूबाईंना धाप लागली होती. "पर रेघा आता चार झाल्या. दम वाढला म्हणून दोन गोळ्या जादा घेतल्यात, तू काळजी करू नगं."