इंत्रूचा माउथपीस

बँडमधला जुना सोबती इंत्रू याच्या घराच्या ओट्यावर पास्कोलने टेबलाला शिकंजा आवळला, त्यात छोटं ग्राइंडर बसवलं आणि सगळ्यांत बारीक दगड लावला. पण सॅक्सोफोनचा माउथपीस हातात घेऊन तो नुसताच बसून राहिला.

"घास ना," इंत्रू म्हणाला. अर्धांगवायूनंतर त्याचं तोंड एका बाजूला लुळं पडलं होतं. फुंकर निसटून जायची.

"टोक आणि पत्ती यांतली फट कमी केली की कमी दमात वाजेल. पण तुझा तो भरदार आवाज जाईल, परत आणता येणार नाही."

"जाऊ दे. रविवारी लेकीचं लग्न, तिला वाजवत चर्चला न्यायचंय."

पास्कोलने यंत्र सुरू केलं. काळी भुकटी बोटांवर साचत गेली. गावातली कितीतरी लग्नं, पास्कोलचं स्वतःचंही, इंत्रूच्या याच भरदार आवाजात लागली होती.

इंत्रूने माउथपीस बसवला, ओठांचा धड कोपरा आवळला आणि फुंकलं. सूर निघाला, पातळ पण सलग.

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने विचारलं, "भावजी, कोणाला आणलंय वाजवायला?"

पास्कोल बोटांवरची भुकटी पुसू लागला.

"नवरीचा बाप आलाय," इंत्रूने जड जिभेने सांगितलं आणि सॅक्सोफोन पुन्हा ओठांना लावला.