चार नट

गच्चीचा जिना ती दोन-दोन पायऱ्या टाकत चढली. हातातल्या फोनवर नकाशा उघडा होता आणि त्यावरचा लाल ठिपका समुद्रात नव्हता. तो बरोब्बर या घरावर होता. याच घरात ती लहानाची मोठी झाली होती.

सकाळी प्रयोगशाळेत नुसता जल्लोष झाला होता. "आजी वर आली!" आजी म्हणजे नऊ फुटी शार्क मादी. पाठीवरच्या पंखाला ट्रान्समीटर लावून सोडलेल्या सहाजणींपैकी एवढी एकच उरली होती. ती पाण्यावर आली, पंख उघड्यावर आला, की तिचा ठावठिकाणा फोनवर यायचा. गेले तीन आठवडे काहीच आलं नव्हतं. "खोल गेली असेल. म्हाताऱ्या माणसांना शांतता लागते," असं चिमी सगळ्यांना सांगत होती आणि स्वतः मात्र दर दहा मिनिटांनी फोन बघत होती. आज नकाशा उघडला, तर ठिपका जमिनीवर. "जागा काहीतरी चुकीची दाखवतंय, बघून येते," असं पुटपुटून ती तडक निघाली होती. ठिपक्याखालचं घर कोणाचं, हे तिथे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

आई कपडे वाळत घालत होती.

"अगं बाई, चिमे! आज कशी काय वाट वाकडी केलीस?"

चिमीचं लक्षच नव्हतं. कठड्यावर, बाबांच्या दोन बनियनांच्या मध्ये, साबणाच्या वडीएवढा करडा ट्रान्समीटर ऊन खात पडला होता.

"ते होय? ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत सापडलं," आई म्हणाली. "पेटी उघडली तर असा वास, की विचारू नकोस. चांगलं खसाखसा धुतलं आणि ठेवलं वाळत. तुझ्या कामाचं दिसलं, म्हणून टाकलं नाही हो."

लोखंडी पेटी. तिचं जाड झाकण. ट्रान्समीटरने आतून कितीही हाका मारल्या तरी बाहेर पोचणार कशा?

"किनाऱ्यावर सापडलं," मागून बाबा म्हणाले. ते कधी वर आले ते कळलंच नव्हतं. तिने तर अजून काही विचारलंही नव्हतं.

तसं होऊ शकत होतं. जनावराला जन्मभराचं ओझं नको, म्हणून ट्रान्समीटरचे नट मुद्दाम गंजणारे लावतात. ते झडले की तो आपोआप गळून पडतो. तसं झालं असेल तर आजी अजूनही मजेत हिंडत असेल. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि ट्रान्समीटर उलटा केला.

चारही बोल्ट जागच्या जागी होते. प्रत्येक बोल्टवर त्याचा त्याचा नट, शेवटपर्यंत फिरवून नीट बसवलेला.

सात वर्षांची असताना ती बोटीच्या इंजिनाशेजारी उकिडवी बसायची आणि बाबा बजावायचे, "काढलेला नट लगेच त्याच्याच बोल्टवर चढवायचा, चिमे. खिशात टाकलास की हरवलाच म्हणून समज." तिला ती सवय इतकी जडली होती की प्रयोगशाळेत सगळे त्यावरून तिची थट्टा करायचे.

"बाबा, मी हे बसवत होते तेव्हा तिची शेपटी तुम्ही धरली होतीत."

बाबांनी कठड्यावरचं बनियन उगाच सरळ केलं.

"जाळ्यात आली. वर घेतली तेव्हा जिवंत होती."

"मग सोडायची ना!"

"आठ दिवस बोट रिकामी येत होती. बोटीवरची पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती." त्यांनी ट्रान्समीटरकडे बोट दाखवलं. "तुझी वस्तू तेवढी पाण्यात टाकवली नाही."

"अहो, काय केलंत हे!" आई म्हणाली. तिच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला.

चिमीला ओरडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी भीतीही वाटत होती. या शार्कला मारायला बंदी होती. अहवालात खरं लिहिलं तर बाबांचा परवाना जाणार, बोट कायमची किनाऱ्याला लागणार. सुट्टीचे दोन दिवससुद्धा घरात पिंजऱ्यात कोंडल्यासारखे फेऱ्या मारणारा हा माणूस मग करणार काय?

तिने पहिला नट फिरवला. तो जरा कुरकुरला, मग सुटला. दुसरा, तिसरा, चौथा. नट नसले की तो नुसता गळून पडलेला ट्रान्समीटर. कोण कशाला विचारतंय? चार नट मुठीत आणि ट्रान्समीटर दुसऱ्या हातात धरून ती कठड्याशी गेली. खाली नाला वाहत होता. हात उचलणार, तेवढ्यात फोन वाजला. प्रयोगशाळेच्या मॅडम होत्या.

तिने फोन कान आणि खांद्यामध्ये धरला.

"मिळाला का गं?"

"हो, मिळाला."

"गळून पडलेलाच आहे ना? म्हणजे आपली आजी आहे अजून, असं सांगते सगळ्यांना. कधीचे ताटकळत बसलेत. अगं, ऐकतेयस ना?"

"हो. एक मिनिट, मॅडम."

तिने खाली पाहिलं. तिची मूठ रिकामी होती. बोलता बोलता बोटांनी आपलं काम उरकलं होतं. चारही नट आपापल्या बोल्टवर परत चढले होते.

बाबाही तिकडेच बघत होते.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "काढलेला आहे."

मॅडमनी विचारलं, "कोणी?"

प्रश्न बाबांनाही ऐकू गेला असावा. ते तिच्याजवळ आले. एकेका नटाला बोटाने हलवून त्यांनी पाहिलं.

"सांग," ते म्हणाले. "आणि हे हाताने घट्ट बसायचे नाहीत. पाना आणतो."

आणि ते जिना उतरायला लागले.