वर्षभर गप्प बसायची अट

"जमिनीखाली तेलाचा शेवटचा थेंब आहे तोवर बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूला मी गाडी म्हणणार नाही!" विश्वास घैसासांनी कुवेतमधल्या महबूल्याच्या भर उन्हात जाहीर केलं. त्या वेळी त्यांची आठ सिलिंडरची गाडी बॅटरी उतरल्यामुळे ठप्प उभी होती, आणि बिल्डिंगचा हारिस, म्हणजे रखवालदार अशरफ, दुसऱ्याच्या गाडीवरून तिला वायरी जोडत होता.

"सर, अब सेल्फ मारो," अशरफ म्हणाला.

गाडी गरजली. घैसासांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला. गाण्याच्या मैफलीतही ते असेच डोळे मिटत, पण तिथे ते झोपलेले असत.

घैसास मूळचे पुण्याचे, तेलशुद्धीकरणातले इंजिनिअर. 'खरी गाडी' या नावाने त्यांची यूट्यूबवर एक्केचाळीस भाषणं होती. श्रोते नऊशे. त्यांत त्यांच्याच खात्यातले ज्युनिअर बरेच. विजेवरच्या गाडीला ते चाकं लावलेला मिक्सर म्हणत.

आणि वर सातव्या मजल्यावर त्यांची मुलगी क्षितिजा नेमका तसल्याच गाडीचा एक करार समोर ठेवून बसली होती.

क्षितिजा अमेरिकेत शिकत होती, कॉलेजच्या टेनिस संघात होती. एका इलेक्ट्रिक गाडीच्या कंपनीने तिला जाहिरातीसाठी निवडलं होतं. तिकडे चित्रीकरण करायचं म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पैसे कमावण्याची भानगड, म्हणून सुट्टीत कुवेतमध्येच ठरलं. चित्रीकरण उद्या होतं. कंपनीची पांढरी गाडी सकाळीच खाली येऊन उभी राहिली होती. दोन वाजता कंपनीचा माणूस उत्तर घ्यायला येणार होता. अडचण एकच होती. घरच्यांपैकी कुणीही वर्षभर विजेच्या गाड्यांविरुद्ध जाहीर बोलायचं नाही, अशी अट होती, आणि तिच्याखाली वडिलांची सही हवी होती. कंपनीतल्या कुणीतरी एक्केचाळीस भाषणं ऐकली असावीत.

"मी? गप्प?" वर येऊन कागद वाचल्यावर घैसास म्हणाले. दोहोंपैकी कोणता शब्द जास्त लागला ते कळलं नाही.

"बाबा, पुढच्या टू इयर्सची फी निघते त्यातून. तुझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय."

"फीचं मी बघेन. पण कॉलेजात खेळणाऱ्यांनी पैसे घ्यायचे? तो काय खेळ झाला? आम्ही तीन वर्षं कबड्डी खेळलो ती कॉलेजच्या नावासाठी. एक पैसा घेतला नाही!"

"पैसा नाही घेतलात," क्षितिजाची आई सुहासिनीबाई भेंडी चिरता चिरता म्हणाल्या. "दुसऱ्या कॉलेजने मेस फुकट दिली म्हणून कॉलेज बदललंत. वर रविवारी डबल श्रीखंड ठरवून घेतलंत, तेही सांगा तिला."

"तो खेळाडूचा खुराक होता!"

"श्रीखंड?"

घैसासांनी विषय तत्त्वावर नेला. "माझं मत विकाऊ नाही. मी खाली थांबतो. तो माणूस आला की त्या पांढऱ्या गाडीची किल्ली आणि हा बिनसहीचा कागद त्याच्या हातात ठेवतो."

क्षितिजा वाद घालेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "ओके. तुझ्याशी भांडून मला त्या गाडीपुढे हसता नाही येणार. नाही म्हणून सांगते मी त्यांना."

घैसास किल्ली आणि कागद उचलून खाली निघून गेले.

एक वाजला होता. बाहेर एकोणपन्नास डिग्री. क्षितिजाने फोनवर तीन ओळींचा नकार लिहिला. आभार, दिलगिरी, नाव. पण तो धाडला नाही. फोन उलटा ठेवला, पुन्हा सरळ केला. दीड वाजला. खिडकीतून पांढऱ्या गाडीचं छत तेवढं दिसत होतं. बाबा कुठेच दिसत नव्हते.

"बघून ये गं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "त्या उन्हात चक्करबिक्कर आली असेल. तत्त्वासाठी उभा राहील हा माणूस, पण सावलीत म्हणून उभा राहणार नाही."

क्षितिजा फोन घेऊन खाली धावली. बिल्डिंगमागच्या वाळूच्या मैदानात गाड्या भाजत होत्या. अशरफची खुर्ची रिकामी होती. हाक मारली, ओ आली नाही. आता मात्र ती घाबरली. पांढऱ्या गाडीपाशी जाऊन पाहिलं तर काचा बंद, इंजिनाचा आवाज नाही, आणि आत कुणीतरी आडवं झालेलं. तिने हिसका देऊन दार उघडलं.

घैसास सीट पार मागे पाडून पहुडले होते. बूट खाली, मोज्यातले पाय डॅशबोर्डवर. मागच्या सीटवर अशरफ टोपी तोंडावर घेऊन घोरत होता. समोरच्या एसीच्या झडपेत खोचलेला कागद फडफडत होता. त्यावर घैसासांची सही होती, पासपोर्टवर करतात तशी, पूर्ण नावानिशी. खाली त्यांच्याच अक्षरात एक ओळ वाढवलेली होती: 'फक्त एक वर्ष. नंतर बोलेन.'

क्षितिजाने फोनवरच्या तीन ओळी पुसून टाकल्या.

"बाबा," ती म्हणाली, "आणि तुझं तत्त्व?"

घैसासांनी डोळे उघडले नाहीत.

"आधी ते दार लाव," ते म्हणाले. "गार हवा बाहेर चाललीय."