चारशे बारा मीटर

सकाळी दहाला अख्ख्या वस्तीचं इंटरनेट बंद पडलं आणि अकराच्या आत केबल ऑफिसच्या साहेबांनी गुन्हेगारही ठरवून टाकला. त्याच सकाळी पाइपसाठी रस्ता खणणारा प्लंबर.

"साहेब, माझा खड्डा गुडघाभरसुद्धा नाही हो," तो काकुळतीला आला. "लायसन गेलं तर घरी काय तोंड दाखवू?"

"खणताना डोळे कुठे होते? तुझं लायसन घालवूनच दाखवतो!"

केबल जोडणाऱ्या बाईंनी शांतपणे मशीन लावलं. "थांबा जरा. या केसाएवढ्या काचेच्या तारेतून मी आता प्रकाश सोडते. तार जिथे तुटली असेल तिथून तो माघारी फिरेल. त्याला किती वेळ लागला, त्यावरून मशीन अंतर सांगेल."

"बाई, हे मशीन खोटं तर नाही ना सांगणार?" प्लंबरने विचारलं.

पापणी लवायच्या आत आकडा आला. चारशे बारा मीटर.

बाई टेपने मोजत निघाल्या. दोनशेवर प्लंबरचा खड्डा मागे पडला आणि त्याच्या जिवात जीव आला. साहेबांना मात्र आणखीच चेव चढला. "कोणी का खणलं असेना, सोडणार नाही!"

चारशे बारावर एक कोराकरकरीत लोखंडी खांब होता. साहेबांच्याच हुकमावरून आज सकाळी रोवलेला. त्यावरची पाटी प्लंबरने एकेक शब्द सावकाश, मोठ्याने वाचली.



"सावधान! खाली फायबर केबल आहे. येथे खोदू नये."