दैनंदिन शब्दसंग्रह

महाविद्यालयात फ्रेंचच्या शिक्षकाची जागा निघाली, तेव्हा म्हसवडचे निवृत्त हवालदार जोतीराम मोठ्या आशेने मुलाखतीस आले. काँगोत शांतिसेनेत वर्षभर असताना ही भाषा ते तिथल्या माणसांकडून शिकले होते.

पॅरिसला आठ दिवस राहून आलेल्या विषयतज्ज्ञांनी फर्मावले, “दैनंदिन वापरातील पाच वाक्ये सांगा. अर्थासह.”

जोतीरामांनी प्रत्येक वाक्य आधी फ्रेंचमध्ये उच्चारले, मग मराठीत. “भिऊ नगा. पाणी घ्या. कुटं दुखतंय? आई कुटं हाय तुजी? डोळं उघड, लेकरा.”

“यात उपाहारगृह नाही, संग्रहालय नाही, खरेदी नाही. हे दैनंदिन?”

“साहेब, तिथं रोज ह्येच लागायचं.”

समितीने एकमताने शेरा लिहिला : उमेदवारास व्यवहारातील फ्रेंच येत नाही.