न्यायाधीशांचे ओठ

न्यायाधीशांचे ओठ आता बसथांब्यावरही आले होते. चेहरा नाही, डोळे नाहीत, नुसते ओठ. माणूस पाय पसरून झोपेल एवढे लांब, डाव्या कोपऱ्यात किंचित वर उचललेले. खाली लिहिले होते, ‘हे ओठ न्याय बोलतील?’ रस्त्यापलीकडे दुसऱ्या पक्षाने तेच ओठ लावले होते. तिथला मजकूर होता, ‘निरपराधाला पाहून न्यायही हसला.’ बस येईना. एका दैनिकाची चित्रकार दोन्ही ओठांच्या मधे मान खाली घालून उभी राहिली. दोन्हीकडची रेघ तिचीच होती.

न्यायालयात कॅमेऱ्याला बंदी होती, म्हणून तिचे दैनिक तिला पेन्सिलीसकट तिथे पाठवी. आरोपी माजी मंत्री होता. त्याने एक अख्खे धरण गिळले, असा आरोप होता. मात्र त्याची सत्ता जाईपर्यंत ते धरण जागेवर नाही, हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. त्यामुळे अर्ध्या शहराला हा खटला न्याय वाटे, अर्ध्याला सूड. मंत्री आणि न्यायाधीश एकाच शाळेत शिकले, अशी कुजबुज पहिल्यापासून होतीच. शाळेचे जुने दप्तर वाळवीने कधीच निकाली काढले होते. आरोपीशी आपली नजरओळखही नाही, असे न्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितले आणि कुजबुज खाली बसली.

मग तिचे चित्र छापून आले. आरोपी आत येत होता आणि न्यायाधीश त्याच्याकडे पाहून हसत होते.

त्या हसण्याने शहराची झोप उडाली. दूरचित्रवाणीवर एक दंतवैद्य, एक मुद्रातज्ज्ञ आणि एक निवृत्त नट येऊन बसले. एकाने ते हसू लाचखाऊ ठरवले, दुसऱ्याने करुणामय. दंतवैद्यांच्या मते ते अक्कलदाढेचे होते. न्यायाधीशांना खटल्यावरून दूर करा, असा अर्ज झाला. वरिष्ठांची चौकशी समिती बसली. बिचाऱ्याची निवृत्ती तोंडावर आली होती आणि उभ्या कारकिर्दीला डाग नव्हता. आता होता, आणि तो तिच्या हातून सांडला होता.

कारण ते हसू तिने पाहिलेच नव्हते.

आरोपी आत आला तेव्हा साऱ्या माना दाराकडे वळल्या; तिची तेवढी न्यायासनाकडे राहिली. न्यायाधीशांनी स्टीलचा पेला उचलून तोंडाला लावला होता. तिने त्यांना पेल्यासकट काढले. पण पाणी पिणारा न्याय पहिल्या पानावर बरा दिसत नाही, असे संपादकांचे मत पडले. तिने पेला खोडला. त्या जागी आता तोंड हवे होते. भोवती काळा झगा, काळी खुर्ची, काळवंडलेली भिंत. चित्र उजेडासाठी आसुसले होते. हात आपसूक डावीकडे, किंचित वर गेला. कवितेत एखादा शब्द अर्थाच्या आधी येऊन बसतो, तशी ती रेघ येऊन बसली.

घरी सासूबाई तोच अंक पसरून न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर मटार सोलत होत्या. तिने सारे सांगून टाकले. उद्या समितीपुढेही हेच सांगणार आहे, मग नोकरी राहणार नाही, आणि घर तर याच पगारावर चालते. सासूबाईंनी न्यायाधीशांच्या तोंडावरची साले बाजूला सारली आणि बराच वेळ पाहिले.

“असं हसू पाहुण्याला नसतं गं. घरच्या माणसाला असतं.”

“आई, ते हसू नाहीच. तिथं पेला होता.”

“मग जा, सांगून ये. खरं बोलायला आपल्या बापाचं काय जातं? नोकरी जाते, तेवढीच.”

समितीपुढे तिला फार बोलावे लागले नाही. समोर पेला होता, हसू माझे आहे, एवढेच ती म्हणाली. ऐकताच समितीतल्या तिघा वृद्धांच्या चेहऱ्यावर, सुटीची घंटा ऐकलेल्या मुलांसारखी कळा आली. अर्ज फेटाळला गेला. न्यायाधीश निष्कलंक ठरले. खटला त्यांच्याचपुढे चालणार होता. बाहेर दोन्ही पक्षांचे लोक ताटकळले होते. ज्यांचे धरणावर कधी एकमत झाले नाही, त्यांचे तिच्यावर झाले. एक बाजू तिला विकली गेलेली म्हणाली, दुसरी बाजू किंमतही सांगू लागली. संपादकांनी फोनवर तिच्या सचोटीचे तोंड भरून कौतुक केले आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले.

तरीही मागचा जिना उतरताना तिला पिसासारखे हलके वाटत होते. नोकरी गेली होती; पण एका भल्या माणसाला त्याचा चेहरा परत मिळाला होता.

जिन्याच्या वळणावर तो भला माणूस एकटाच उभा होता. झगा काढल्यावर ते कुणाच्याही मामासारखे दिसत होते. त्यांनी हात जोडले. उपकार झाले म्हणाले. मग जिन्यात वर पाहिले, खाली पाहिले, आणि त्यांच्या ओठांचा डावा कोपरा किंचित वर गेला.

“एक विचारू, बाई? तो वर्गात शिरला की मला हसू आवरायचं नाही, अगदी शाळेपासून. तेव्हा तोंडासमोर पुस्तक धरायचो, त्या दिवशी पेला धरला. तुम्हाला पलीकडचं दिसलं कसं?”